बेसमेंटमधला पेजमेकर

अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांमध्ये अध्यक्ष बदलत राहतात, कार्यकारिणी बदलते, क्वचित घटनाही बदलते. बदलत नाहीत ते स्मरणिका-काका. एडिसन असो, नेपरव्हिल असो वा फ्रीमाँट, हे गृहस्थ बहुधा ऐंशी-नव्वदच्या दशकात आलेले, पेशाने अभियंते आणि मंडळाचा दिवाळी अंक स्वतःच्या बेसमेंटमध्ये एकहाती जुळवणारे असतात. देश, गाडी चालवण्याची बाजू आणि दूध तापवण्याची सवय एवढे सगळे त्यांनी निमूटपणे बदलले. पेजमेकर मात्र बदललेला नाही.

पेजमेकर हा पानावर मजकूर, चित्रे आणि (मंडळाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या) रिअल इस्टेट एजंटांच्या जाहिराती मांडण्याचा प्रोग्राम. सिएटलच्या ऑल्डस कंपनीने तो 1985 मध्ये आणला, 1994 मध्ये ती कंपनी अ‍ॅडोबीकडे गेली आणि 2001 मध्ये निघालेली सातवी आवृत्ती अखेरची ठरली. त्यानंतर पृष्ठरचनेच्या शास्त्रात नोंद घेण्याजोगे काही घडलेले नाही, असे काकांचे मत आहे.

खरी मेख मात्र फाँटमध्ये आहे. युनिकोड, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी व्यवस्था, हिच्यात देवनागरी 1991 पासून असली, तरी ती विंडोजमध्ये रुजण्यापूर्वीचे मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून वेळ निभावत असत. त्यामुळे काकांनी लिहिलेले मनोगत संगणकाच्या लेखी आजही निरर्थक इंग्रजीच असते. शिवाय या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी, टाइप करावी लागे, तर युनिकोडमध्ये व्यंजन आधी आणि वेलांटी मागाहून येते. जुन्या वळणाच्या बोटांनी काका नव्या पद्धतीत ‘किती’ लिहू जातात, तेव्हा वेलांटी ठिपक्यांच्या एका रिकाम्या वर्तुळाला बिलगून बसते आणि ‘क’ बोडका राहतो; युनिकोडला मराठी येत नाही याचा हा पुरावा काका कार्यकारिणीच्या प्रत्येक बैठकीत मांडतात.

नवा संगणक घरात आला की संघर्षाचे पहिले पर्व सुरू होते. चौसष्ट-बिटी विंडोज, म्हणजे माहितीचे मोठे घास घेणारी आजची प्रणाली, सोळा-बिटी प्रोग्राम मुळीच चालवत नाही. आणि त्या काळच्या कित्येक प्रोग्रामांची प्रकृती बत्तीस-बिटी असली तरी त्यांना संगणकात बसवून देणारा इन्स्टॉलर सोळा-बिटी असल्याने, आत आल्यावर नांदू शकणारी सून उंबरठ्यावरच अडते. मग काका कम्पॅटिबिलिटी मोडकडे वळतात. या सोयीत नवी प्रणाली जुन्या प्रोग्रामला आपला आवृत्ती-क्रमांक खोटा सांगते, म्हणजे बाहेर अजून जुनेच राज्य चालू आहे असे भासवते. घरातील वडीलधाऱ्यांना दुखवू नये म्हणून बोलल्या जाणाऱ्या असत्याच्याच जातीचे हे असत्य असल्याने काकांना त्यात वावगे वाटत नाही.

तेवढ्यानेही भागले नाही, तर कॉलेजातून सुटीवर आलेला मुलगा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा, आभासी संगणक, उभा करून देतो. तंत्रज्ञांच्या परिभाषेत बाहेरच्या प्रणालीला यजमान आणि आतलीला पाहुणा म्हणतात, आणि पाहुणा म्हणून आलेले जुने विंडोज एक्सपी जावयाच्या तोऱ्यात यजमानाची अर्धी मेमरी बळकावून बसते. एवढे झाल्यावर आठवण होते ती डोंगलची, म्हणजे फाँटच्या पॅकेजची मालकी सिद्ध करणाऱ्या त्या छोट्या कुलपाची. ते प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टला लागते, तो पोर्ट नव्या संगणकाला नसतो, आणि बाजारात मिळणारा अडॅप्टर सहसा प्रिंटर ओळखतो, डोंगल नाही. अखेर बेसमेंटमधील मूळ एक्सपी-यंत्रावरचा टेबलक्लॉथ आदराने उचलला जातो.

या यंत्राच्या प्रणालीला मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी आधार देणे थांबवले, म्हणजे तिच्यातील सुरक्षेच्या भोकांना ठिगळे लावणे सोडले. काकांनी त्याच दिवशी इंटरनेटची तार उपटून प्रश्न मिटवला. वरच्या मजल्यावरील विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी, म्हणजे दिवाळीच्या जेमतेम आठवडाभर आधी, संपला. तारीख अंकाच्या घाईत कोणी मुद्दाम निवडली असावी, हा संशय काकूंनी समजावूनही गेला नाही. आणखी वर्षभराची ठिगळे तीस डॉलरांत मिळतात हे कळताच काकांनी प्रथम त्याचे रुपये केले.

अंक तरीही वेळेवर निघतो. त्याच्या पीडीएफमध्ये ‘अध्यक्ष’ हा शब्द शोधू गेल्यास एकही अध्यक्ष सापडत नाही, कारण आतील अक्षरे मुळात देवनागरी नसतातच. नव्या कार्यकारिणीने यावर नाराजी कळवली असता, शुद्धलेखनाच्या चुकाही याच कारणाने शोधता येत नाहीत, याकडे काकांनी लेखी उत्तरात तिचे लक्ष वेधले.