घरचं गॅरेज, घरचेच फिटर

मारुतीची व्हॅन 1984 साली आली, पुढे ‘ओम्नी’ झाली आणि 2019मध्ये कंपनीने तिचं उत्पादन थांबवलं. पण आपल्याकडे गाडी बंद पडते ती कारखान्यात. घरात तिची ‘दुरुस्ती’ चालू असते.

पैसे वाचवायचे म्हटलं की अख्खं कुटुंब बाह्या सरसावतं. ओम्नीचं 796 सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की सगळं खानदान एकाच वेळी आत डोकावू शकतं. कंपनीने ही सोय बहुधा त्यासाठीच केली असावी. मेहुणे कार्बोरेटर उघडतात, जेट फुंकून साफ करतात, सगळं पुन्हा बसवतात आणि एक वॉशर उरतो. “जास्तीचाच असतो तो,” असं वर सांगतातही. काका टॉर्च धरतात, पण उजेड पाडतात तो आपल्या जुन्या स्कूटरच्या आठवणींवर. आई सरकत्या दाराच्या रुळात शिलाई मशीनचं तेल सोडते, आणि खरोखर दुरुस्त होतं ते तेवढंच.

मजुरी शून्य, हे कबूल. चहा, पोहे, दुपारचं मटण आणि मेहुण्यांचं परतीचं पेट्रोल वहीत कोण लिहितो? पंधरा वर्षं उलटली की आरटीओत फेरनोंदणी आणि वर पर्यावरण कर. तिथे मात्र घरचा माणूस म्हणून सूट मिळत नाही.

तेव्हा मंडळी, नातेवाईक जरूर बोलवा, पण जेवायला. गाडीसाठी नाक्यावरचा मिस्त्रीच बरा. तो निदान उरलेला वॉशर खिशात घालून नेतो.