आमची इभ्रत आणि आत्याचा खोका

सामानाचा पट्टा फिरू लागला की मी चार पावलं मागे सरतो. माझी चाकांची बॅग आधी येते, तिला मी ऐटीत उचलतो. तिच्यामागून खोका येणार असतो.

खोका आत्याने बांधलेला. मालवणची आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी. रिकामा खोका वाण्याकडचा, आणि त्यावर कुठल्या मालाचं नाव छापलंय याबद्दल वाणी आणि आत्या दोघंही संतपदाला पोचलेले. गेल्या खेपेला मोपाहून दिल्लीला उतरलो, तेव्हा संडास धुण्याच्या औषधाची बाटली खोक्याच्या चारी अंगांवर झळकत होती. मी बंद मोबाइल कानाला लावून इंग्रजीत गंभीर बोलत राहिलो आणि गर्दी पांगेपर्यंत खोक्याला फेऱ्या मारू दिल्या.

"मला खोक्याची लाज नाही, त्यावरच्या मजकुराची आहे," असं मी बायकोला सांगितलं. निदान संगणकाचा खोका बघ, असं आत्यालाही सुचवलं. ती म्हणाली, "तेचो तळ सुटता रे. हो बघ कसो घट आसा!"

खोक्याला हिणवणाऱ्यांनी (त्यांचा म्होरक्या मीच) जरा त्याचं कूळही पाहावं. कागदाला नागमोडी चुण्या पाडायची युक्ती इंग्लंडात १८५६ साली निघाली ती साहेबाच्या उंच टोपीच्या अस्तरासाठी. टोपी ताठ उभी राहिली पाहिजे ना! म्हणजे ज्या ताठ्यापायी मी पट्ट्यापासून मागे सरतो, त्याच ताठ्याच्या पोटी हा पुठ्ठा जन्मला. मला तो साहेब फार आवडतो. भर पावसात सापडलेला, आतला कागद भिजून टोपी कानावर बसलेली, तरी मान सरळ. पुढे १८७१ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तसाच कागद बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळायला वापरला. पंधरा वर्षांत पुठ्ठा डोक्यावरून उतरला आणि कामाला लागला. इतक्या लवकर डोक्यावरून उतरलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही.

हिशेबातही खोकाच जिंकतो. देशातल्या साध्या तिकिटावर बहुधा पंधरा किलो सामान नेता येतं. माझी टणक कवचाची बॅग रिकामीच चार किलोची. म्हणजे पाव हिश्शाहून जास्त वजन मी निव्वळ रुबाबाचं वाहतो. खोका जेमतेम किलोभर.

मुंबईच्या विमानतळावर आखाताच्या रांगेत उभं राहिलं की खोक्यांचं खरं राज्य दिसतं. जाड मार्करने नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. परवा तिथे काउंटरवरच्या पोराने बापाच्या वयाच्या एका माणसाला फर्मावलं, "ए, सोड ती दोरी." दोरी पट्ट्यात अडकते, नियम बरोबर आहे. पण मागच्याच माणसाची गोल्फची पिशवी खोक्याच्या दुप्पट लांब आणि कशातही न मावणारी, तिच्यासाठी वेगळी गाडी आली, वर "सर, जरा इकडून." खोकेवाला वाकून दातांनी गाठ सोडवत होता. आत काय होतं कोण जाणे, पण ते कुणासाठी तरी वर्षभर पोट मारून घेतलेलं असणार. एवढ्या सामानाला एक "अहो" जड झाला! माझा नंबर आला तेव्हा बॅग बघून मलाही "सर" मिळालं. मी ते घेतलंही.

असो. खोका नेणार असाल तर पाच पदरी घ्या. तळाला टेप दुहेरी मारा, दोरीचं कामही टेपकडूनच करून घ्या, नाव-गाव दोन बाजूंना लिहा. आणि पट्ट्यावर सोडायच्या सामानात सुकं खोबरं घालू नका. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून त्याला बंदी आहे. आत्याला हे अजून पटलेलं नाही.