कलम वकिलाचे, कर्ज जनतेचे

मूळपेशींचे संशोधन प्रयोगशाळेत होते असे आपण समजतो. कॅलिफोर्नियात ते आधी वकिलाच्या टेबलावर झाले.

वकील रॉबर्ट क्लाइन. कायद्याची पदवी स्टॅनफर्डची, धंदा परवडणाऱ्या घरांसाठी पैसा उभा करण्याचा. 2001 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी भ्रूणातून काढलेल्या नव्या मूळपेशींवरच्या संशोधनाचा केंद्राचा पैसा रोखला. शास्त्रज्ञ हळहळले. क्लाइननी कर्जरोख्यांचा मसुदा काढला.

घरासाठी कर्ज निघते, मग पेशीसाठी का निघू नये?

नोव्हेंबर 2004 मध्ये हाच मसुदा ‘प्रपोझिशन 71’ म्हणून मतदारांपुढे आला. मागणी 3 अब्ज डॉलरची, व्याजासकट 6 अब्जांच्या घरात. जाहिरातीत पडद्यावरचा सुपरमॅन, पाठीचा कणा मोडून चाकाच्या खुर्चीत बसलेला ख्रिस्तोफर रीव्ह. मतदानाच्या काही आठवडे आधीच तो वारला होता. नाही म्हणायची कोणाची छाती होती? 59 टक्क्यांनी होकार भरला.

खरी गंमत बारीक अक्षरांत. हा पैसा वाटणाऱ्या नव्या संस्थेच्या अध्यक्षाची पात्रता त्याच कायद्यात लिहिलेली. टीकाकारांनी वाचली आणि विचारले, ही पात्रता की क्लाइनसाहेबांचा बायोडेटा? अध्यक्ष कोण झाले, ते सांगायला हवे का?

सुरुवातीला बिनपगारी. 2008 च्या अखेरीस अर्धवेळ कामाचे वर्षाला दीड लाख डॉलर ठरले.

नियामक मंडळ तेव्हा 29 जणांचे होते. त्यांत अनेक जण अनुदान घेणाऱ्या विद्यापीठांचेच. वाढपी घरचा, पंगतही घरचीच! आणि आमदारांना दुरुस्ती सुचलीच, तर दोन्ही सभागृहांत 70 टक्के मते आणा.

विरोधक कोर्टात गेले. 2007 पर्यंत रोखे अडकून पडले. रुग्ण थांबले, वकील नाही.

क्लाइन यांच्या मुलाला टाइप 1 मधुमेह होता, आईला अल्झायमर. याला कोणी स्वार्थ म्हणेल. म्हणू द्या. बापाने हातावर हात ठेवून बसावे काय? हेतू शंभर टक्के माफ. अध्यक्षाच्या मापाने शिवलेले कलम मात्र नाही.

पैसा संपत आला. 2020 मध्ये पुन्हा क्लाइन, पुन्हा मतदान, या वेळी साडेपाच अब्ज. होकार घसरून 51 टक्क्यांवर आला.

तरी आलाच.

या पैशातून प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, रुग्णांवर चाचण्याही झाल्या, हे नाकारायचे कारण नाही. पण पाठीचा कणा मोडलेल्याला चालवणारा उपचार अजून दवाखान्यात पोचलेला नाही. रोख्यांचे व्याज तिजोरीतून नियमित जाते.