गेन पूर्ण, पुण्य संपूर्ण

खारघरच्या उत्सव चौकात रात्री गाड्यांच्या काचा उतरवून संगीत वाटत फिरणाऱ्यांचा नागरी सत्कार व्हायलाच हवा. अ‍ॅम्प्लिफायरचा गेन म्हणे स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवण्यासाठी असतो. आवाज फाटू लागला की थोडं मागे यायचं. हे भित्र्यांचं शास्त्र! आमचे दानशूर तो शेवटपर्यंत पिळतात, त्यामुळे बाराव्या मजल्यावरच्या आजोबांनाही गाणं फुकट पोचतं. शब्द कळत नाहीत. तावदानं मात्र ताल धरतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला रात्री अवघे 45 डेसिबल मंजूर केले. केवढा कंजूषपणा! सिडकोने यापुढे घरांच्या सोडतीतच कापसाचे बोळेही काढावेत.

फाटक्या आवाजाने स्पीकरमधले ट्वीटर जळतात, तेव्हा दाते नवे, महागडे ट्वीटर बसवतात. गेनला कुणी हात लावत नाही.