एका ड्रायव्हरकर्त्यास खुले पत्र

रा. रा. ड्रायव्हरकर्ते यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, पण तुमचा ड्रायव्हर चांगलाच ओळखीचा झालाय. भिलाईच्या सुपेला भागातल्या एका कोचिंग क्लासच्या माळ्यावर एक जुना लिनक्स संगणक राउटर म्हणून राबतो. त्यात दोन नेटवर्क कार्डं, आणि दोन्हींचं भवितव्य तुम्ही मॉड्यूल पॅरामीटरच्या एका ओळीत कोंबलंत: स्पीड=100,0 डुप्लेक्स=2,0. 0 म्हणजे आपोआप, 1 म्हणजे अर्धा, 2 म्हणजे पूर्ण. स्वल्पविरामाआधी पहिलं कार्ड, नंतर दुसरं. पहिलं कोणतं? संगणकाला आधी सापडेल ते! पंगतीत आधी बसेल त्याला जिलेबी, मग तो मधुमेही का असेना.

पावसाळ्यात वीज पडून बाहेरच्या लाइनीचं कार्ड जळलं. स्लॉटही काळवंडला होता, म्हणून तसंच नवं कार्ड आणून खालच्या स्लॉटमध्ये बसवलं. झालं! पहिलं दुसरं झालं, दुसरं पहिलं. बाहेरचा स्विच शंभरावर आणि पूर्ण डुप्लेक्सवर जखडलेला, त्याच्यासमोर आता आमचं 'आपोआप' कार्ड. समोरून वाटाघाट होत नाही म्हटल्यावर बिचारं वेग ओळखतं, डुप्लेक्स ओळखू शकत नाही, आणि नियमाप्रमाणे अर्ध्यावर येतं. आतल्या बाजूला नेमकं उलट. एक टोक खुशाल बोलत सुटतं, दुसरं त्यालाच टक्कर समजून माघार घेतं. पिंग मात्र ठणठणीत. क्लासचा पोरगा दिवसभर सांगत होता, "भैया, पिंग तो जा रहा है." आणि एक पीडीएफ उतरेपर्यंत चहा निवत होता.

रात्री दुर्गहून घरबसल्या लॉगिन केलं. पॅरामीटर बदलायचा तर ड्रायव्हर आधी उतरवा, मग पुन्हा चढवा. उतरवला. ज्या तारेवरून मी बोलत होतो तीच तार मेली. (दोन्ही आज्ञा एका ओळीत द्यायच्या असतात, हे आता मलाही कळलंय. तशा दिल्या तरी कार्डाचा आयपी पत्ता पुसला जातोच.) मग स्कूटर, पाऊस आणि माळ्याची शिडी.

यासाठी एथटूल आहे हो! कार्डाचं नाव घ्या, वेग सांगा, डुप्लेक्स सांगा, ड्रायव्हर जागचा हलत नाही. नाव चुकलं तर निदान चूक माझी. 2020 मध्ये लिनक्स 5.6 पासून ते नेटलिंकवरूनही बोलतं, म्हणजे नकार द्यायचाच तर ड्रायव्हरला कारण शब्दांत देता येतं. तुमचं उत्तर ठरलेलं: उणे 22. 'अवैध' एवढंच कळतं. काय अवैध, ते तुम्ही आणि तुमचा देव जाणे. वायरलेसवाल्यांनीही हा संसार करून पाहिला होता, दर ड्रायव्हरच्या खासगी आज्ञा, दर कार्डाची वेगळी भाषा. शेवटी सीएफजी80211 आणून सगळ्यांना एका रांगेत बसवावं लागलं. लिनक्सच्या नेटवर्क विभागात नव्या ड्रायव्हरसोबत असला पॅरामीटर धाडला, तर आता दारातूनच परत येतो. तुमचा बहुधा मागच्या दारानं शिरला असावा.

आमच्या भिलाईच्या कारखान्यात रेल्वेचे रूळ बनतात. तुम्ही डबे बनवत असतात, तर प्रत्येक डब्यासोबत त्याच्या मापाचा खास रूळ पाठवला असतात, आणि पहिला डबा कोणता हे इंजिनावर सोडलं असतंत.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
स्वल्पविरामाच्या अलीकडचा
(आजपुरता)