पुण्याहून माणूस निघालाय

सर्व्हरवर चढवलेलं नवं फर्मवेअर बिघडलं, तर ते उतरवून जुनं चढवायला साधारण अर्धा तास पुरतो. सातारा-सांगलीकडे दोन दिवस लागतात, कारण त्यात माणसाचा प्रवास धरलेला असतो. पतसंस्थेचा काउंटर असो की साखर कारखान्याचं काटाघर, पडदे काळे झाले की साहेब फोन ठेवून जाहीर करतात, ‘पुण्याहून माणूस निघालाय.’ सगळ्यांना एकदम हायसं वाटतं. माणूस खेड शिवापूरच्या टोलवर असतो, शिरवळला चहा घेत असतो, खंबाटकीत ट्रकमागे असतो. साताऱ्याचं नशीब थोर, आनेवाडी ओलांडली की तो हाती लागतो. सांगलीला यायचं तर तासवडे, कऱ्हाड करत पेठ नाका गाठायचा आणि डावीकडे वळायचं. पुढच्या चाळीसेक किलोमीटरवर आधी वर्षानुवर्षं खड्डे होते म्हणून गाडी हळू, मग खड्डे घालवायला रस्ताच खणला म्हणून गाडी हळू. या रस्त्याला फर्मवेअर असतं, तर नेमकी कोणती आवृत्ती परत आणायची यावर सर्वपक्षीय कृती समिती बसली असती आणि अजून उठली नसती.

गंमत अशी की या माणसाला यायची गरजच नसते. बहुतेक सर्व्हरच्या पाठीमागे एक स्वतंत्र नेटवर्कचं भोक असतं. पुष्कळ यंत्रांवर त्याच्याजवळ छोट्या पान्ह्याचं चिन्ह असतं. आत त्याचा वेगळा छोटा प्रोसेसर, बीएमसी. मुख्य सर्व्हर झोपला तरी प्लगमध्ये वीज आहे तोवर हा जागा. त्यातून लांब बसून पडदा पाहता येतो, यंत्र बंद-चालू करता येतं, जुनी फाईल चढवता येते. पुण्याहून सांगली सुमारे 230 किलोमीटर. फायबरमधल्या प्रकाशाला त्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जरासा जास्त वेळ लागतो. टोल नाही, चहा नाही. भोकात केबल तेवढी खोचलेली हवी. ती नसते. खंडेनवमीला सर्व्हरला झेंडूचा हार चढतो, हळदकुंकू लागतं, त्यातलं थोडं पान्ह्याच्या चिन्हालाही लागतं. केबल लागत नाही.

जाणकार म्हणतील, तो दरवाजा उघडा टाकला तर चोर शिरेल. बरोबर आहे, म्हणून तो थेट इंटरनेटला न जोडता वेगळ्या जाळ्यावर, व्हीपीएनच्या आड ठेवायचा असतो. शिवाय चोराची एवढी धास्ती असलेली मंडळी यंत्रासोबत आलेला पासवर्ड मात्र तसाच ठेवतात. मग अपडेट करूच नका, असाही एक शहाणा सल्ला असतो. 2019 च्या अखेरीस सर्व्हरमधल्या काही एसएसडींच्या फर्मवेअरमध्ये असा दोष उघड झाला, की 32,768 तास भरताच, म्हणजे 3 वर्षं 270 दिवस 8 तासांनी, डिस्क आतल्या माहितीसकट कायमची जाते. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्का एकाच वेळी जाणार. तिथं हात जोडून बसणं हाच धोका होता. वजनदार आक्षेप वेगळाच आहे: काही फर्मवेअर मागे जाऊच देत नाहीत, जुन्या आवृत्तीतली सुरक्षेची भगदाडं पुन्हा उघडू नयेत म्हणून, काही जाऊ देतात, पण सेटिंग पुसून टाकतात. मान्य. पण हे आवृत्तीसोबतच्या टिपणात बहुधा आधीच छापलेलं असतं. ते वाचायचं, चालू आवृत्तीचा आकडा वहीत लिहायचा, जुनी फाईल जवळ ठेवायची, एवढंच. सांगलीत पावसाळ्यात शेंबडं पोरगंही आयर्विन पुलाचे फूट विचारतं, 40 ला इशारा, 45 ला धोका. सर्व्हरवर काल कोणती आवृत्ती होती, हे मात्र पुण्याचा माणूस आल्यावर कळतं.

आणि हे काही फुकट चाललेलं नाही. काट्याचा सर्व्हर पडला की बाहेर ट्रॉल्या खोळंबतात, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं. घटीचा भुर्दंड शेतकऱ्याला. जतहून एसटीने ठेव मोडायला आलेल्या म्हातारीला ‘उद्या या’ म्हणतात. उद्याचं तिकीट कोण काढतं तिचं? कोणी नाही! माणसाच्या प्रवासाचं बिल मात्र न चुकता लागतं. मेख इथंच आहे. देखभालीच्या करारात भेटी मोजतात: वर्षाला अमुक भेटी, त्यावरच्या भेटीचा आकार वेगळा. केबल खोचली तर भेटी घटणार. भेटी घटल्या तर ठेकेदाराला परवडणार नाही आणि साहेबांना वाटणार, माणूस दिसत नाही तर पैसे कशाचे? संचालक मंडळापुढे घामाघूम माणूस उभा करता येतो. जागच्या जागी नीट चाललेली गोष्ट दाखवून बिल मंजूर होत नाही. काम संपलं की तो जुन्या फर्मवेअरचा पेनड्राईव्ह खिशात टाकतो, भेटीच्या कागदावर सही घेतो. साहेब त्याला फाटकापर्यंत सोडायला जातात, वाटेत उसाचा रस पाजतात. फाईलची एक प्रत इथं ठेवून जा, असं कोणीही म्हणत नाही.