बिनघोड्याचे घोडेमालक

कर वाचवायचा म्हणून पीपीएफ उघडणारी माणसं सगळीकडे असतात. वडाळ्याच्या नानांचा भरवसा घोड्यावर. घोडा त्यांच्याकडे नाही. कात्रक रोडजवळच्या दोन खोल्यांत तो मावणारही नाही. पण असता तर काय काय वजा करता आलं असतं, हे त्यांना तोंडपाठ. पोर्ट ट्रस्टच्या हिशेबखात्यातून निवृत्त झाल्यावर ते विठ्ठल मंदिराच्या कट्ट्यावर बसतात आणि शेजारी टेकलेल्याला कलमं ऐकवतात.

"74अ वाचलंयस?" ही त्यांची सुरुवात. 1961 च्या आयकर कायद्यातलं हे कलम म्हणतं की शर्यतीचे घोडे पाळून झालेला तोटा फक्त त्याच घोड्यांच्या कमाईतून वजा करा. पगारातून नाही, भाड्यातून नाही. तोटा चार वर्षं पुढे ओढता येतो, पण वजावटीच्या वर्षीही पदरी घोडा हवा. म्हणजे तोटा जगवायचा तर आधी घोडा जगवायचा! मला यात सवलत कुठेच दिसत नाही. नानांना दिसते. "अरे, निदान तोटा मान्य तरी करतात. खिडकीवर पैसे लावणाऱ्याला कोण विचारतं? जिंकला की सरसकट 30 टक्के, खर्चाची एक दमडी वजा नाही. मालकाचं तसं नाही. चारा, जॉकी, ट्रेनर, सगळं वजा!" हे म्हणताना नाना स्वतःला मालकांत धरतात.

पैदाशीचं गणित वेगळं. घोड्यांची पैदास म्हणजे शेती नव्हे, त्यामुळे ते उत्पन्न करमुक्त नाही. गवत पिकवलं तर शेती. तेच घरच्या घोड्याने खाल्लं की धंदा. पण धंदाही कसा, तर पुण्याच्या पूनावालांनी म्हातारे घोडे परळच्या हाफकिनला देता देता 1966 मध्ये स्वतःचीच सीरम इन्स्टिट्यूट काढली, हा दाखला ठरलेला. त्यामागोमाग आयर्लंड. तिथे 1969 मध्ये अर्थमंत्री चार्ल्स हॉही यांनी पैदाशीच्या नर घोड्यांच्या फीवरचा कर माफ केला आणि ती चैन 2008 पर्यंत चालली. "तिथे जन्माला यायला हवं होतं," नाना उसासा टाकतात. घरी हेच म्हटलं की काकू आतून विचारतात, "कुठल्या जातीचा, तेही सांगा."

नानांचा अभ्यास एकदाच प्रत्यक्ष घोड्यासमोर उभा राहिला. दडकर मैदानाजवळ वरात थांबली होती. नवरदेव वर, बँड जोरात, आणि नाना घोडीवाल्याला गाठून कलम 36 समजावतायत: धंद्यातलं जनावर मेलं किंवा कायमचं निकामी झालं, तर मूळ किमतीतून विकून आलेले पैसे वगळून उरलेला तोटा वजा होतो. "तू ही वजावट घेतोस की नाही?" घोडीवाला घाबरून म्हणाला, "साहेब, घोडी धडधाकट आहे हो." नवरदेवाने लगाम घट्ट धरला.

मग 2025 चा सप्टेंबर उजाडला. 22 तारखेपासून जिवंत घोड्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि शर्यतीच्या जुगारावरचा 28 वरून 40 वर गेला. गाढवं-खेचरं पहिल्यापासूनच करमुक्त आहेत, पण हा विषय नाना निघू देत नाहीत. त्यांनी कट्टाभर पेढे वाटले, जणू घरात शिंगरू झालंय. दुःख एकच. वडाळ्याहून मोनोरेलने सात रस्त्याला उतरायचं आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडे बघायला जायचं, हा त्यांचा नेम. नेमकी 20 तारखेपासून मोनो थांबवली.

"मग आता घ्याच एक," काकू म्हणाल्या. "पाच टक्क्यांत मिळतोय. जायला-यायला होईल."

नानांनी चष्मा पुसून गंभीरपणे मान हलवली. "जायच्या-यायच्या घोड्याचा तोटा 74अमध्ये बसत नाही गं."